कपाळावरचा पांढरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि स्वभावानं फार संशयी आहे. पण त्यात माझा दोष नाही. माझ्या पोटात सगळं जग उलटं पडतं. माणसं डोक्यावर उभी राहतात, माड आभाळातून खाली लोंबतात, आणि समुद्र वर जाऊन बसतो. जन्मापासून ज्याला हेच दिसत आलं, तो सरळ चालणाऱ्या माणसावर एकदम विश्वास कसा ठेवील?

माझा जन्म १९५७ सालचा. रेडीच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या दाजींना फोटो काढायचा नाद लागला. विकतचा कॅमेरा आवाक्याबाहेर, म्हणून त्यांनी चार महिने खपून कागदावर माझा आराखडा काढला आणि तो घेऊन सावंतवाडी गाठली. तिथं लाकडी खेळणी करणाऱ्या महादूनं फणसाच्या लाकडाच्या दोन पेट्या केल्या, एकीत दुसरी सरकणारी. महादूनं आयुष्यभर लाकडाचे आंबे आणि केळी केलेली. मला करतानाही त्याचा हात सारखा गोलाईकडे वळायचा. दाजी समोर बसून राहिले नसते, तर मी आज पपई होऊन कुणाच्या तरी काचेच्या कपाटात बसलो असतो.

माझं भिंग नुरुद्दीननं दिलं. हा दाजींचा बालमित्र, गलबतावरचा खलाशी. भिंग एका मोडक्या दुर्बिणीतलं. ती दुर्बीण कुठली, हे त्यानं दोनदा दोन तऱ्हांनी सांगितलं. एकदा ती बसऱ्याच्या कप्तानानं दिली होती, एकदा मुशी माशाच्या पोटात सापडली होती. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो नुसता हसला. त्या दिवसापासून मी त्याच्यावर डोळा ठेवला. आता तो डोळाही त्याचाच दिलेला, ही गोष्ट वेगळी.

फोटो धुण्यासाठी अंधारी खोली लागते. दाजींच्या घरात तशी एकच, बाळंतिणीची. तिला खिडकीच नव्हती. दाजी आणि त्यांची बायको सुगंधा कंदिलाला लाल कागद लावून भर दुपारी आत शिरत आणि तीन थाळ्या मांडून बसत. एका थाळीत फोटो घेतलेली काच हळूहळू हलवली की कोऱ्या काचेवर आधी धूसर कडा यायची, मग नाक, मग डोळे. त्या वेळी दोघंही श्वास घ्यायला विसरत. कधी सगळंच काळं पडे, आणि मग औषध जास्त झालं की ऊन, यावर दोन दिवस वाद चाले. बहुतेक वेळा सुगंधाचं खरं निघे आणि दाजी ते आपणच म्हटलं होतं असं सांगत.

शेजारच्या तुळसाला मात्र फटीतून लाल उजेड दिसे आणि आंबूस वास येई. या घरात बाळंतीण तर कुणी नाही, मग आत चाललंय काय? ती कुंपणाच्या वईवरून मान उंचावून बघत राही. दाजींची आई यशोदा तिच्याकडे बघत राही. आणि मी खुंटीवरून दोघींकडे.

मग १९५९ चा चैत्र आला. नुरुद्दीनला मुंबईत मोठ्या बोटीवर काम मिळायचं होतं. नोकरीच्या कागदाला फोटो हवा होता, आणि शनिवारी सकाळी वेंगुर्ल्याहून आगबोट सुटायची होती. ती चुकली तर जागा दुसऱ्याला. सावंतवाडीचा फोटोवाला लग्नसराईत दुकानाला कुलूप लावून गावोगाव हिंडत होता. उरलो मी, आणि दाजींच्या पेटाऱ्यातल्या शेवटच्या तीन काचा.

बुधवारी पहिला फोटो काढला. नुरुद्दीन ताठ बसला, दाजींनी झाकण काढून पाच अंक मोजले. फोटो छान आला. फक्त नुरुद्दीनच्या कपाळाच्या मधोमध चवलीच्या नाण्याएवढा पांढरा ठिपका. दुसरी काच गेली. पुन्हा तोच ठिपका, तिथंच.

आता संशयाला ऊत आला. दाजींचा संशय काचांवर. नुरुद्दीनचा दाजींच्या औषधांवर. माझा महादूच्या सरसावर, आणि मुशीच्या पोटातल्या त्या भिंगावर तर होताच. पण सगळ्यात वाईट संशय नुरुद्दीनच्या आईचा, बिबीजानचा. तिनं तो फोटो हातात घेतला आणि खाली बसली. तिचा नवरा दर्यातच गेलेला. दर्यानं लेकाच्या कपाळावर खूण केली आहे, असं ती म्हणाली. आता आगबोट सुटो की राहो, ती मुलाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नव्हती. नुरुद्दीन तिला हसून समजावत होता, पण स्वतःचं कपाळ सारखं चाचपत होता. हे मी पाहिलं.

गुरुवारी दुपारी सुगंधानं दोन्ही फोटो जमिनीवर मांडले. शेजारी यशवंतगडाचा आठवड्यापूर्वीचा फोटो ठेवला. त्यात गडाच्या कमानीवरही ठिपका होता. दाजी त्याला आजवर ढग समजत होते. तिनं दोरा घेऊन मोजलं. तिन्ही ठिकाणी ठिपका वरच्या कडेपासून सारखाच खाली. गडाला आणि माणसाला एकाच जागी दर्या कशाला खूण करील?

तिनं मला अंगणात उन्हात आणलं, मागची चित्र बघायची काच काढली, छत्रीचं काळं कापड डोक्यावर घेतलं आणि तोंड माझ्या पोटात घातलं. मित्रांनो, इतका संकोच मला कधी वाटला नव्हता.

"अवो, हयसर येवा," ती आतूनच म्हणाली. "माका दिवसाढवळ्या नखेत्र दिसता."

माझ्या कुशीला मोहरीएवढं भोक होतं. दाजी म्हणाले, हे महादूचं काम. नुरुद्दीन म्हणाला, भुंगा. तेवढ्यात ओट्यावरून यशोदाबाईंचा बारीक आवाज आला.

"मीयाच खिळो मारलंय. बिब्बो अडकवक. त्या शेजारच्या तुळसाची नजर बरी नाय. मगे तू ओरडशीत म्हणान काढून टाकलंय."

मग नुरुद्दीन हसायला लागला.

"काकी, तुमी पेटयेक नाय, माझ्या कपळाक खिळो मारलास."

आता तुम्ही विचाराल, तुझ्याच अंगात खिळा शिरला आणि तुला कळलं नाही? खरं सांगतो, मला वाटलं डास चावला.

सुगंधानं परसातल्या फणसाचा चीक काजळीत कालवून ते भोक बुजवलं. शेवटची काच घातली. या खेपेला झाकण तिनंच काढलं आणि पाच अंक मोजले. लाल उजेडात थाळीभोवती या वेळी पाचजण होते. बिबीजानही आली होती. नाक आलं, डोळे आले, आणि मग कपाळ आलं, सबंध, स्वच्छ. बिबीजाननं मुलाच्या कपाळावरून हात फिरवला आणि गाठोडं बांधायला घरी गेली. शनिवारची आगबोट नुरुद्दीनला घेऊन गेली.

सहा वर्षांनी तो रजेवर आला तेव्हा दाजींसाठी रिळाचा चकचकीत कॅमेरा घेऊन आला. मी माळ्यावर गेलो. मला त्या चकचकीताचा संशय आहे, पण तो जाऊ दे.

जाण्याआधी एक गोष्ट मात्र मी ऐकली. बिबीजानच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिच्या फळीवर अजून तो ठिपक्याचाच फोटो पाहून दाजींना लाज वाटली. चांगल्या काचेवरून दुसरा छापून देतो, म्हणाले.

"ह्योच रवांदे," ती म्हणाली. "चांगल्यात माका सगळो काळोख दिसता. ह्यात ठिपक्यार बोट ठेवलंय की माझ्या झिलाचा कपाळ गावता."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माळ्यावर कुठं जुनी पेटी सापडली तर धूळ पुसा, ऊन दाखवा, आणि दुसऱ्याच्या तोंडावर डाग दिसला की आधी तिच्यात डोकं घालून बघा. मी सगळ्या गावावर संशय घेतला, माझ्या कुशीवर तेवढा घेतला नाही. आणि जमलं तर लवकर या. हल्ली फणसाचा चीक सुकलाय, आणि माझ्या पोटात पुन्हा एक नक्षत्र दिसू लागलंय. या वेळी मी डासावर ढकलणार नाही.