खंडेनवमीला निजवलेलं मशीन

खंडेनवमीच्या दुपारी कुसुमताईंनी मशीन पुसलं, तेही डोळ्यांत काजळ घालताना पोराचं तोंड पुसावं तसं. आधी डिझेलचा बोळा, मग कोरडं फडकं, मग पदराचं टोक.

तळवड्यातल्या त्या शेडमध्ये गिअरच्या जोड्या बनतात आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीत जातात. जाण्याआधी प्रत्येक जोडी या मशीनवर फिरते. मोटर जोडीला फिरवते, शेजारचा कॉम्प्युटर तिचा आवाज ऐकतो आणि पडद्यावर रेघ ओढतो. रेघ हिरवी आली की जोडी पास, लाल आली की बाजूला. कुसुमताई अंबाजोगाईकडून इथे आल्या त्याला अकरा वर्षं झाली. पहिली चार वर्षं कॉम्प्युटर नव्हता, त्या कानानेच जोड्या पारखत. मग निरंजन नावाच्या इंजिनिअरने हे मशीन जोडून दिलं आणि त्यांच्या कानाचं काम पडद्याकडे गेलं. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. उलट सात वर्षं त्याला जपलं.

कॉम्प्युटरवर निरंजनने चिठ्ठी चिकटवली होती, ‘बंद करू नये.’ लाइट गेली तरी तो इन्व्हर्टरवर चालू राहायचा. पण खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतं, त्याला विसावा द्यायचा असतो. दर वर्षी पूजेआधी निरंजन स्वतः येऊन मशीन बंद करायचा, दसऱ्यानंतर चालू करून द्यायचा. जानेवारीत तो नोकरी बदलून बंगळुरूला गेला. म्हणून या वर्षी कुसुमताईंनी हात जोडले आणि कॉम्प्युटरचं बटण स्वतःच दाबून धरलं. पंखा थांबला. आत एवढं शांत त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हळदीकुंकू लावता लावता ओठांवर ओवी आली, आईच्या जात्यावरच्या चालीची, शब्द मात्र त्यांचे:

माळ झेंडूच्या फुलांची, घाली लोखंडाच्या गळा
नीज नीज माझ्या राजा, आज नाही तुला शाळा

दसरा झाला. शुक्रवारी सकाळी सातला ट्रेमध्ये दोनशे चाळीस जोड्या तेल लावून तयार होत्या. दुपारी दोनच्या आत त्या रिपोर्टसकट चाकणला पोचायच्या होत्या. आधी दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर काम दुसऱ्या शेडला, असं कंपनीने लेखी कळवलं होतं. शेडमध्ये तेवढं एकच काम होतं आणि त्यावर सात घरं.

कुसुमताईंनी बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा चढत गेली आणि मध्येच थबकली. पुन्हा दाबलं, पुन्हा तिथेच. त्यांना वाटलं, माळेमुळे वारा अडत असेल. माळ काढली. तरी तिथेच.

मालक उद्धवराव आले. तळवड्याचेच, जुन्या घरातले. शेड त्यांच्याच जमिनीवर.

“पूजंचं पानी-बिनी शिंपडलं का आत?”

“थेंब नाही मालक. पाकळीसुद्धा आत जाऊ दिली नाही.”

“मग रुसलंय व्हय ते?”

त्यांनी पिंपरी कॅम्पातल्या शादाबला फोन लावला. कॉम्प्युटर दुरुस्तीत त्याचा हात चांगला. नऊ वाजता तो स्कूटरवरून आला, चहा नको म्हणाला आणि अक्षरं वाचत बसला. मग त्याने विचारलं, “याआधी शेवटचं कधी बंद केलं होतं?”

“मागच्या दसऱ्याला,” कुसुमताई म्हणाल्या.

“आणि अपडेट?”

उद्धवराव खाकरले. “त्ये मी चालू केलं. उन्हाळ्यात कंपनीचा ऑडिटवाला आला व्हता. म्हनला, कॉम्प्युटर अपडेट पायजे, नायतर शेरा मारीन. त्यानंच बटन दाखवलं.”

शादाबने कपाळ चोळलं. “आता ऐका, ताई. कॉम्प्युटरच्या आत एक कर्नल असतो. सगळं घर चालवणारा कर्ता माणूस समजा. अपडेट आलं की नवा कर्ता येतो, पण मशीन बंद करून चालू केल्याशिवाय तो काम हातात घेत नाही. उन्हाळ्यापासून असे पाच-सहा आले आणि रांगेत बसून राहिले. जुनाच राबत होता.”

“बरं.”

“सकाळी उठवायचं काम बूटलोडरचं. तो दारावरचा वॉचमन. निरंजनसाहेबांनी त्याच्या वहीत लिहून ठेवलंय, रांगेतल्या तिसऱ्याला उठव. तेव्हा तिसरा म्हणजे आपला माणूस. आता रांग सरकली. तिसऱ्या जागी जो आहे तो अर्धवट आलाय, जागाच पुरली नाही त्याला. वॉचमन त्यालाच हलवतोय, आणि तो उठत नाही.”

“मग आपल्या जुन्याला हाक मार की.”

“चालू होता तोवर चालला. जुने फार झाले की मशीन त्यांना काढून टाकतं. जागेसाठी.”

“कंपनीसारखंच,” कुसुमताई म्हणाल्या. शादाब हसला, मग हसू आवरून यादीवर खालीवर करत राहिला.

सव्वादहाला एका नव्या कर्नलवर मशीन उठलं. ओळखीचा निळा पडदा आला. कुसुमताईंनी हात पुसून पहिली जोडी चढवली, मोटर सुरू केली. जोडी सुरेख फिरत होती, घरघर नाही, खडखड नाही. पडद्यावरची रेघ मात्र सरळ. जोडी गात होती आणि पडद्याला ऐकू येत नव्हतं.

“आवाज ऐकणारं कार्ड हा नवा कर्नल ओळखत नाहीये,” शादाब हळूच म्हणाला. “त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाचा दुभाषी, जुन्यासाठीच बनवलेला. जुन्याबरोबर तोही साफ झालाय.”

बंगळुरूला फोन लागला. उद्धवरावांनी स्पीकर चालू केला. निरंजनने सगळं ऐकून घेतलं.

“कार्ड बनवणारी कंपनी बंद पडली, शादाबभाऊ. मूळ फाइल जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होती. शोधतो. पण दोन-तीन दिवस धरा.” मग थांबून म्हणाला, “बंद कुणी केलं?”

“मी,” कुसुमताई म्हणाल्या. “पूजेला. तू करायचास तसंच.”



“ताई, मी फक्त पडदा बंद करायचो. आत चालूच असायचं.”

“पंख्याचा आवाज यायचा की रे. मी विचारायची तुला. तू म्हणायचास, इन्व्हर्टरचा आहे.”

“हो. तुमच्या पूजेत खोट नको वाटायला, म्हणून. एवढं कधी बिघडेल असं...”

कुसुमताईंनी फोनकडे पाहिलंही नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्या मशीनच्या कडेला बसल्या, सात वर्षांपूर्वी बसायच्या तिथे. जोडी चढवली, मोटर सुरू, डोळे मिटले. पास. दुसरी. पास. उद्धवराव चाकणला फोन लावत शेडबाहेर उन्हात येरझाऱ्या घालत होते. सोमवारपर्यंत थांबा म्हणत होते, साहेब म्हणत होते, मध्येच नुसतं व्हय व्हय म्हणत होते. आत कुसुमताई ऐकत होत्या. हिचा दात घासतोय. ही नको. ही बाजूला. पुढची. शादाब काही न सांगताच जोड्या उचलून हातात द्यायला लागला. त्याचं दुकान बंदच होतं, तो कुणाचा फोन उचलत नव्हता.

पाऊण वाजता दोनशे चाळीस झाल्या. चार नापास. कुसुमताईंनी वहीचं पान फाडून सगळं लिहिलं, खाली सही केली.

उद्धवरावांनी पान दोन्ही हातांनी धरून वाचलं. “तुझा कान खोटा न्हाई, कुसुम. मी अकरा वर्सं बगतोय. पर त्यांना रेघ पायजे. हाताचं लिवलेलं गेटवर बी घेत न्हाईत.”

तरी त्यांनी पानाचा फोटो काढून पाठवला. एक वाजून पाच मिनिटांनी मेल आला. रिपोर्ट नसल्याने लॉट स्वीकारता येणार नाही, पुढील काम अन्यत्र देण्यात येत आहे. त्यांनी तो मोठ्याने वाचला नाही. फोन कुसुमताईंच्या हातात दिला आणि बाहेर टेम्पोच्या ड्रायव्हरला ताडपत्री काढायला सांगायला गेले.

कुसुमताईंनी लाल रंगाचा डबा उघडला. त्या चार जोड्यांवर एकेक ठिपका दिला. कुठेच जाणार नव्हत्या त्या, बाकीच्या दोनशे छत्तीसही नाही. पण चुकून कुणी चांगल्यात मिसळू नयेत.

“ताई, बंद करून ठेवू ना?” शादाबने विचारलं.

“ठेव.”

त्याने हात पुढे केला आणि पडदा विझवला. अवजारांची पिशवी उचलून तो दाराकडे वळला.

“शादाब,” त्या मागे न पाहता म्हणाल्या, “पंखा फिरतोय अजून.”

तो थांबला. परत आला, आणि खालचं बटण दाबून धरलं.