पाकिटातली केबल

नातेवाइकांत कुणाकडे नवीन वस्तू आली, की खोकं उघडायचा मान वायरमामाचा. नोकरी पाणीखात्यात बिलं तपासायची, पण ख्याती भलतीच. कुणाचा टीव्ही बोलेना, कुणाचा प्रिंटर रुसला, की वायरमामाला बोलवा. कपाटाचा एक अख्खा खण त्याने जुन्या वायरींनी भरून ठेवला होता. त्यावरून भाच्यांनी हे नाव पाडलं, आणि गड्याला ते पदवीसारखं वाटायचं. दोन गोष्टी त्याने जन्मात केल्या नाहीत. वस्तूसोबतची माहितीपुस्तिका वाचली नाही आणि जुनी वायर टाकून दिली नाही.

त्या रविवारी त्याच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे, असाच नातेवाइकांचा दरबार भरला होता. ताईच्या सुनेने गेमिंगचा मॉनिटर आणला होता. ऑफिसातून आलं की तासभर गाड्यांच्या शर्यती खेळायचा तिला भारी नाद. वायरमामाने गेल्या वर्षी स्वतःच्या लेकीला नेमका हाच मॉनिटर घेऊन दिला होता, त्यामुळे आज त्याचा तोरा काही विचारू नका. लेकही सोबत आली होती, पण ती खिडकीपाशी फोनमध्ये डोकं घालून बसली होती.

मामाने स्टँड बसवला, पडद्यावरची पारदर्शक फिल्म झटक्यात ओढली, आणि मग जादूगाराच्या थाटात आपल्या पिशवीतून एक जुनी केबल काढली.

"ही लाव. खोक्यातली नवी केबल पाकिटातच राहू दे. पुढेमागे उपयोगाला येते."

"पण मामा, पुस्तिकेत तर खोक्यातलीच लावा म्हणून लिहिलंय," सून म्हणाली. "जुनी असली तर पूर्ण वेग मिळत नाही म्हणे."

"अगं, केबल ती केबल! छापणारे काय, काहीही छापतात."

सून हसली, पण पाकीट तिने फोडलंच. नवी केबल लावली, कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यादीतला सगळ्यात मोठा आकडा निवडला, सेकंदाला एकशे पासष्ट चित्रांचा. मग मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक चालू केलं. सासूला कळावं म्हणून तिने सांगितलं, "आई, आता कॉम्प्युटरमधलं कार्ड चित्र पूर्ण करेपर्यंत पडदा थांबून राहतो. म्हणजे गाडी कितीही जोरात वळली तरी चित्र मधूनच फाटत नाही."

फाटत नाही. वायरमामाने हातातली जुनी केबल हळूच पिशवीत सारली.

घरच्या मॉनिटरवर हाच पर्याय त्याने पाहिला होता. तो अंधुक दिसायचा, दाबला जायचा नाही. 'शोभेचा असतो तो,' असं त्याने लेकीला सांगितलं होतं. सेटिंगमधली यादी साठच्या पुढे जात नव्हती, त्याचंही त्याला काही वाटलं नव्हतं. आणि हे सगळं का, तर घरी त्याने जुन्या स्क्रीनचीच केबल लावली होती. नवी पाकिटात होती. अजूनही होती.

लेक तेव्हा एका गेमच्या संघाच्या निवडीसाठी जीव तोडून सराव करत होती. ती म्हणालेली, "बाबा, झटकन वळलं की चित्र फाटतं. वरचा भाग पुढे जातो, खालचा मागे राहतो." आणि त्याने काय केलं? याच खोलीत, याच मंडळींसमोर तिची टर उडवली. "एवढा भारी पडदा, आणि बाईसाहेबांना म्हणे तो फाटका दिसतो! डोळे तपासून घे आधी." सगळे खो खो हसले होते. तेवढ्यावर थांबला असता तर तो वायरमामा कसला. तिला खरंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे ठणठणीत निघाले, तेव्हा "मग नखरे आहेत" असा निकाल त्याने सगळ्या नातेवाइकांना फोनवर कळवला. निवडीत ती थोडक्यात मागे पडली. त्यानंतर तिने खेळणंच सोडलं. त्या मॉनिटरवर आता वायरमामा बातम्या बघायचा.

सुनेची गाडी वळणावरून अशी सरकली, की ताईसुद्धा "अगं बाई!" म्हणाली. वायरमामाने चोरून खिडकीकडे पाहिलं. लेकीने फोन खाली ठेवला होता. ती पडद्याकडे बघत होती, मग त्या फोडलेल्या पाकिटाकडे, मग त्याच्याकडे.

नेमकं तेव्हाच ताईने विचारलं, "तुझ्याकडेही हाच आहे ना रे? तरी पोर मागे पडली बिचारी."

सांगायची वेळ हीच होती. ज्यांच्यासमोर तिला हसला, ते सगळे समोर बसले होते. त्याने तोंड उघडलं, आणि परत मिटलं. वायरमामाला केबल लावता आली नाही, हे वायरमामाने कसं सांगायचं?

"मीच कमी पडले, आत्या," लेक शांतपणे म्हणाली.

आणि हा शहाणा रिकामं खोकं उचलून त्याच्या घड्या घालत बसला.

घरी आल्या आल्या त्याने खण उपसला. तळाशी ते पाकीट सापडलं, सील शाबूत. त्याने केबल बदलली. एकशे पासष्ट लगेच यादीत आलं. अंधुक पर्यायही दाबला गेला. माउस हलवून बघायचा त्याला धीर होईना.

लेक दाराशी येऊन उभी राहिली.

"चूक माझी होती गं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुझे डोळे ठीक होते. तू बरोबर सांगत होतीस."

"मला कळलं ते. तिथेच कळलं."

"मग तू तिथे असं का म्हणालीस? मीच कमी पडले म्हणून?"

"तुम्ही 'नाही' म्हणाल असं वाटलं होतं," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, बाबा. तुम्ही खोकं दुमडायला घेतलंत."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पाकिटाचं प्लॅस्टिक चुरगाळलं. मग त्याने फोन उचलला आणि ताईचा नंबर लावला.

"ताई, मंडळी आहेत का अजून? सगळे? मग स्पीकर लाव. नाही, काही बिघडलं नाही. म्हणजे बिघडलं होतं, गेल्या वर्षी. माझ्या हातून."

त्याने सगळं सांगितलं. केबलचं, डोळ्यांच्या डॉक्टरांचं, फोनवर कळवलेल्या 'नखऱ्यां'चं, आणि आज गिळलेल्या शब्दांचंही. तिकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू दे, त्याने मनाशी म्हटलं, पण कान गरम झाले ते झालेच.

"पोर आहे का रे तिथे?" ताईने विचारलं. "तिला दे फोन."

त्याने वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून तिच्या रडण्याचा आवाज येत होता. गेल्या वर्षी निकाल लागला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.