चार नंबरचा माइक

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी बाई मुलांना गाणं शिकवायच्या. फी नाही, परीक्षा नाही, येईल त्याला घ्यायचं. पण सुराला खोट चालायची नाही हो! एखादा सूर इकडचा तिकडे झाला की बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्याच म्हणून समजा.

आणि नेमकी त्यांच्याच वाट्याला आली भोंगा. बारा वर्षांची पोर, रंगाऱ्याची मुलगी. हे नाव तिच्या बापानेच ठेवलेलं. तो सहाव्या मजल्याशी परांचीवर भिंत रंगवत असायचा आणि ही खालून "बाबा, डबा!" म्हणून हाक मारायची, ती एका दमात वर पोचायची. त्याच परांचीवरून तो पडला. आठ महिने झाले, दुसऱ्या गावच्या इस्पितळात उताणा पडून होता. वर्षाअखेरच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळणार, ते बाबांना पाठवायचं, एवढ्यासाठी पोरगी एकही शनिवार चुकवत नव्हती. पहिल्याच दिवशी तिने तसं बाईंना सांगून टाकलं होतं.

आवाज दणदणीत, उत्साह उतू जाणारा, सूर मात्र आपल्या मर्जीचा. हळू गा, शेजारच्याचं ऐक, असं सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या ओळीला पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कार्यक्रमाला वाचनालयाची समिती पुढच्या रांगेत बसणार होती. पुढल्या वर्षी खोली द्यायची की नाही, हे तिच्याच हातात. बाईंनी साउंडवाल्याला बाजूला घेतलं आणि भोंगासमोरचा चार नंबरचा माइक बंद ठेवायला सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, "बाई, मग तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्येही येणार नाही."

"राहू दे," बाई म्हणाल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना तो रंगारी आठवला होता. आठवूनही म्हणाल्या.

ड्रम आणि दोन गिटारींच्या दणक्यात भोंगा बंद माइकसमोर जीव तोडून गायली. टाळ्या पडल्या, खोली मिळाली.

पुढच्या शनिवारी पोरगी आली ती थेट बाईंपुढे. बाबांनी चारदा ऐकलं म्हणे, पण ती कुठे आहे तेच त्यांना सापडेना. बाईंना तेव्हा खरं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, समूहगान असंच असतं गं, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात.

पोरीचा चेहरा फुलला. "म्हणजे मी पहिल्यांदाच नीट गायले!"



त्या दिवसापासून भोंगा हळू गायला लागली. शेजारचीचं ऐकायची, मग जपून सूर लावायची. महिन्याभरात सुरात आली. जे इतके महिने हवं होतं ते मिळालं, आणि बाईंना ते ऐकवेना. शेवटी आपली चूक कबूल न करताच ती निस्तरायची, असा शहाणपणा त्यांना सुचला. साउंडवाल्याला बोलावलं, भोंगाला एकटीला माइकपुढे उभं केलं. तिचं ते बारीक गाणं टिपायला त्याला आवाज पार शेवटपर्यंत चढवावा लागला. अगं, तुझ्या आवाजात गा, बाई काकुळतीला आल्या. ती नको म्हणाली. आता कुठे जमायला लागलंय, बाई.

तेच रेकॉर्डिंग बाबांकडे गेलं. पुढच्या शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली, फोन बाईंच्या हातात दिला. त्यात बापाचा थकलेला, हसरा आवाज होता. "फार गोड गाते ही मुलगी. बाईंना सांग, आता माझ्या भोंग्याचं पाठवा."

"बाबांनी मला ओळखलंच नाही," ती म्हणाली.

लपवण्यासारखं आता काय उरलं होतं? "तू मिसळली नव्हतीस," बाई म्हणाल्या. "तुझा माइक बंद होता. मीच करायला लावला होता."

पोरगी रडली नाही, चिडलीही नाही. खाली बघत फोन पुसत राहिली. मग बोलली, पण इतकं हळू, की बाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"मला सांगायचंत ना, बाई. मी गायलेच नसते."