दारातल्या चपला

राजुरीच्या रामनाथचा आळेफाट्याला फोटो स्टुडिओ होता. तीस वर्षं त्याने लग्नं टिपली, पण त्याचा खरा नाद दारातल्या चपलांचा. घरात कोण आलंय, कोण रुसून गेलंय, हे चपलांवरून ओळखायला त्याला बायकोने, झुंबरबाईने शिकवलं होतं.

२००४ साली तो लेकीकडे, मोहिनीकडे, अमेरिकेत पाच महिने राहून आला. गाईंच्या धारा कोण काढणार, म्हणून झुंबरबाई मागे राहिली. तिथे गेल्यावर त्याला कळलं, जावई केव्हाच घर सोडून गेलाय. "आईला सांगाल तर माझं मेलं तोंड बघाल," अशी मोहिनीने शपथ घातली. तेव्हापासून रामनाथच्या जिवाला स्वस्थता नव्हती. घरात बसवेना, म्हणून तो कॅमेरा घेऊन दिवसभर वणवण हिंडला.

परत आल्यावर फोटो बघायला अख्खी आळी लोटली. कपडे धुवायच्या दुकानात पेंगणारा माणूस, गाडीतच एकटी जेवणारी बाई, रस्त्याकडेला ओळीने मांडलेल्या कचऱ्याच्या बादल्या.

"उंच बिल्डिंगी कुठंयत, भाऊ?" शेजारचा सयाजी म्हणाला. "बादल्या बघाय ईमानात बसला व्हय?"

लोक हसले, रामनाथही हसला. जावयाची चौकशी निघाली की तो पाणी प्यायला उठे. एकट्या मोहिनीचे फोटो त्याने आधीच लपवले होते. तिच्या घराच्या दाराचे मात्र ठेवले, कारण त्याच्या मते तेच सगळ्यांत झकास होते. दर रविवारी एकाच जागेवरून काढलेत, असं त्याने फुशारकीने सांगितलंही. काचेचं दार, पलीकडे अंगण, अलीकडे पायपुसण्यावर चपला. हौस नडते ती अशी.

माणसं पांगल्यावर झुंबरबाईने त्या दाराच्या फोटोंतले पाच जमिनीवर मांडले.

"ह्या तुमच्या. ह्या तिच्या," ती बोट ठेवत म्हणाली. "बरफ पडलं, वितळलं, गवत आलं. जावयाचा जोड काय आला न्हाई."

"कामावर गेला आसल."

"दर ऐतवारी?"

"तिनं शपथ घातली व्हती," तो म्हणाला.

झुंबरबाई रडली नाही. तिने शेवटचा फोटो उचलला आणि नवऱ्याच्या चपलांवर अंगठा ठेवून त्या झाकल्या.

"तुमी तर निघून आला," ती म्हणाली. "आता एकच जोड."

रामनाथ उठून फोनकडे गेला. तिकडे किती वाजले असतील, हे त्याने पाहिलं नाही.