तिसरी ओळ

अम्पाई चप्पल न काढताच दुकानात शिरली आणि तिने हातातली पितळी डबी काचेच्या टेबलावर आदळली. डबीतल्या नाण्याचा बद्द आवाज झाला. थवोनने डोळ्यावरचं भिंग काढलं, आधी तिच्या पायांकडे पाहिलं आणि मग डबीकडे.

"काच फुटली असती."

"फुटू दे. आमची अब्रू फुटली त्याचं काय?"

"त्याला मी काय करू? मी नाणं ओळखतो. अब्रू ओळखायचा धंदा माझा नाही."

हे वाक्य त्याने याआधीही बऱ्याच जणांना ऐकवलं असावं, इतकं ते सफाईने आलं. पिचित शहराच्या बाजारात थवोनचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. पण त्याचा खरा दरारा होता तो फोनवर. नाण्यांच्या लिलावाचा चाळीस हजार लोकांचा गट तो चालवायचा. कुणी फोटो टाकला की बोली लागायची, आणि थवोनने 'खोटं' असा एक शब्द लिहिला की बोली जागच्या जागी मरायची. अकरा वर्षांत त्याने किती जणांना उघडं पाडलं याला गणती नव्हती. लोक त्याला भ्यायचे. त्याला ते आवडायचं, आणि आवडतं हे तो लपवायचाही नाही.

निकाल देण्याची पद्धतही त्यानेच घालून दिली होती. तीन ओळी. पहिलीत खरं की खोटं. दुसरीत कसं ओळखलं. तिसरीत खोटं नाणं कुणाच्या हातून बाजारात आलं त्याचं नाव, म्हणजे बाकीचे सावध होतील. आणि शेजारी खऱ्या नाण्याचा फोटो, ताडून पाहायला.

परवा दुपारी अम्पाईने नाण्याचा फोटो टाकला होता. तीन तोंडांच्या हत्तीचा चांदीचा बाट, म्हणजे तिकडचा जुना रुपया, आणि सालही असं की त्या सालातले फार थोडे उरलेत. खाली तिने लिहिलं होतं, 'मृताच्या तोंडातलं. बान नोंग बुआ गावच्या विहारात एकतीस वर्षांपूर्वी माझ्या बाबांनी, बुनथाम यांनी, स्वतः राखेतून काढलेलं.' माणूस गेला की तिकडे त्याच्या तोंडात नाणं ठेवतात, पुढच्या वाटेला लागेल म्हणून. चिता विझल्यावर ते चिता रचणाऱ्याचं होतं. असं नाणं गळ्यात असलं की अपमृत्यू टळतो म्हणतात. त्यामुळे दुर्मिळ साल आणि वर आगीतून निघालेलं, असा दुहेरी योग पाहून बोली अर्ध्या तासात कुठल्या कुठे गेली.

थवोनने फोटो पाहिला. खालचा मजकूर वाचण्याआधीच त्याच्या बोटांनी निकाल लिहून टाकला होता. खोटं. हत्तीच्या मधल्या सोंडेवर ओतताना राहिलेला दाणा आहे, जर्मन सिल्व्हरचं ओतीव काम. मग त्याने मजकूर वाचला. तिसरी ओळ त्याने कोरी सोडली.

ती गटाने भरली. 'चिता रचणाऱ्याने खरं खाल्लं आणि खोटं विकायला काढलं.' 'मेलेल्याचा घास काढणारी जात.' 'म्हाताऱ्याने असे किती जण लुटले असतील?' संध्याकाळपर्यंत कुणीतरी बुनथामचा फोटोही शोधून टाकला, विहाराच्या पायरीवर बसलेला, बनियनवरचा.

"गावात दोघांनी काल आमच्या दाराशी येऊन विचारलं," अम्पाई म्हणाली. "आमच्या आईच्या तोंडातलं नाणंही असंच बदललंत का म्हणून. बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत. अंथरुणाला खिळलेत. साठ वर्षं त्यांनी गावाची प्रेतं जाळली, कुणाकडून पेलाभर पाणी मागितलं नाही. त्यांना चोर म्हणतात, आणि तुम्ही दोन दिवस गप्प."

"मी काही म्हटलंय का त्यांना?"

"न म्हणूनच तर म्हटलंत!"

थवोनने डबी उघडली. नाणं बाहेर काढून त्याने बोटाच्या टोकावर तोललं आणि नखाने वाजवलं. हे सगळं त्याने फार सावकाश केलं. नाण्याकडे मात्र त्याने फारसं पाहिलं नाही.

"खोटं आहे, अम्पाई. तू रडलीस, ओरडलीस, तरी खोटं ते खोटंच राहणार."

"मी कुठे म्हणते खरं आहे?"

हे थवोनने गृहीत धरलं नव्हतं.

"मग आलीस कशाला?"

"एवढंच विचारायला. राखेतून निघालेलं नाणं खोटं निघालं, तर बदललं कुणी? तुम्ही एवढे जाणकार. सांगा ना."

दुकानात पंखा घरघरत होता. थवोनने बर्फाच्या कॉफीचा पेला उचलला, त्यात आता नुसतं पाणी उरलं होतं, आणि तो तसाच खाली ठेवला.

"हात लावणारा एकच होता," तो म्हणाला. "तुझा बाप. आणखी कोण बदलणार?"

अम्पाई बाहेरच्या मोटारसायकलींकडे बघत राहिली. पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता, आणि थवोनला तो आधीच्या ओरडण्यापेक्षा वाईट वाटला.

"मी म्हटलं होतं बाबांना, तो हेच म्हणणार. बाबा म्हणाले, नाही म्हणायचा. एवढा खाली नाही जायचा तो. पैजच लावली होती आम्ही."

थवोनने नाणं डबीशेजारी काचेवर ठेवलं.

"हे नाणं मी त्यांना न विचारता विकायला काढलं. तांदळाच्या पिंपात, तळाशी लपवलेलं होतं. त्यांच्या खाटेवरचं छत गळतंय, म्हटलं तेवढं होईल. डबीतल्या चिठ्ठीवर विहार आणि साल होतं, पण नाणं कुणाचं ते मलाही ठाऊक नव्हतं. काल फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, लोक काय लिहितायत ते वाचून दाखवायला. त्यांनी काही ऐकलंच नाही. तुम्ही शेजारी टाकलेलं खरं नाणं बघत बसले. म्हणाले, मोठं कर. मी मोठं केलं. म्हणाले, ही कड बघ."

थवोनच्या मागे भिंतीवर, काळ्या मखमलीच्या चौकटीत, त्याचं नाणं होतं. दुकानातली ही एकच वस्तू विकायची नव्हती. गिऱ्हाईक विचारायचं तेव्हा तो म्हणायचा, आईचं आहे, यावरूनच मी धंदा शिकलो. अकरा वर्षं प्रत्येक निकालाशेजारी त्याने ह्याचाच फोटो टाकला होता. नाणं उत्तम होतं. फक्त एका बाजूने त्याची कड जराशी सपाट झाली होती.

"विड्याचा चुना," अम्पाई म्हणाली. "तुमची आई त्या नाण्याने चुना काढायची. लग्नात तुमच्या बाबांनी दिलेलं. ते गेले त्या सकाळी तिने ते आधी माझ्या बाबांच्या हातावर ठेवलं, म्हणाली, बुनथाम, हे त्यांच्याबरोबर जाऊ दे. मग तोंडात ठेवायला तुमच्याकडे दिलं. मोठा मुलगा म्हणून."

थवोन खुर्चीत मागे सरकला. चौकटीकडे त्याने वळून पाहिलं नाही.

"राखेतून जे निघालं त्याला सपाट कड नव्हती. बाबांना तिथेच कळलं."

"तेव्हा का नाही बोलले?" थवोन चिडून बोलला. "एकतीस वर्षं तोंड शिवलं होतं का?"

"तुमची आई मागायला आली होती. तिसऱ्या दिवशी. म्हणाली, राखेतलं नाणं तुझं, मला ठाऊक आहे. पण एवढं एक मला दे, मी बदल्यात काहीही देते. हे खोटं तिच्या हातावर ठेवलं असतं तर तिला न झिजलेली कड दिसली असती. मग पोरगा दिसला असता. बाबा म्हणाले, नाणं निघालंच नाही, वितळलं."

थवोनला पुढचं सांगायची गरज नव्हती. चांदी अशी लाकडाच्या आगीत वितळत नाही, हे आईला त्यानेच सांगितलं होतं, आपलं ज्ञान दाखवायला. आई मरेपर्यंत बुनथामला चोर म्हणत राहिली. विहारात तो समोर आला की तोंड फिरवायची. जेवताना विषय निघाला की थवोन खाली मान घालून भात कालवायचा, आणि एकदोनदा तर त्याने, असेल गं, लोक काय काय करतात, असंही म्हटलं होतं.

"आता तुला काय हवंय?" त्याने विचारलं. "लिहू? सगळं लिहू? धंदा बुडवू माझा?"

"मला हवं होतं. तेवढ्यासाठीच येणार होते. पण लिहायला सांगायचं नाही, असं बाबांनी बजावलंय. नुसतं नाणं देऊन ये म्हणाले. ज्याचं त्याला." तिने रिकामी डबी उचलून पिशवीत टाकली. "माझं विचाराल तर, मी तुमच्या दुकानाला काडी लावली असती."

दारात ती थांबली, पायातल्या चपलांकडे पाहिलं, जणू त्या आत आणल्याचं तिला आत्ता कळलं होतं. मग तशीच बाहेर गेली.

थवोन उठला. भिंतीवरची चौकट उतरवायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, एवढी ती वर्षानुवर्षं एका जागी बसली होती. मागचे खिळे उचकटून त्याने नाणं काढलं आणि टेबलावर दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं. सपाट कडेवरून अंगठा फिरवला. पेठेतला फुलवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, बाहेरून तेवढाच काय तो आवाज.

फोनवर त्याचा परवाचा निकाल अजून सगळ्यात वर होता. खाली नऊशेच्या वर शिव्या जमल्या होत्या. दोन्ही नाण्यांचा एकत्र फोटो काढून त्याने तो निकालाखाली जोडला. पहिल्या दोन ओळी त्याने पुन्हा वाचल्या. बरोबर होत्या. तिसरीवर बोट ठेवून तो बराच वेळ बसला. एकदा त्याने 'नक्की माहीत नाही' असं लिहिलं आणि खोडलं.

मग त्याने लिहिलं: 'कुणाच्या हातून आलं: थवोन, बान नोंग बुआ. बापाच्या तोंडात ठेवलं. खरं शेजारी आहे.'

बाहेर अम्पाई मोटारसायकलवर बसून हेल्मेटचा पट्टा लावत होती. तिच्या पिशवीत फोन वाजला. तिने तो काढला, वाचला, आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावरून उतरवलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज मग बराच वेळ आला नाही.