मंगळवारचा तिसरा माणूस

पाईक रनच्या फायर स्टेशनात एक शब्द तोंडातून काढायला बंदी आहे, 'निवांत'. "आज कसं निवांत आहे" असं कुणी म्हणालं रे म्हणालं, की भोंगा वाजतो. ओहायोतल्या या उपनगरात देव न मानणारी माणसं सापडतील, पण हे न मानणारा जवान सापडायचा नाही. बोलणाऱ्याला दंड होतो, आणि स्टेशनात दंड एकच, सगळ्यांना आईस्क्रीम. पहिली पाळी असली तरी आईस्क्रीम, पेपरात फोटो आला तरी आईस्क्रीम, आणि चूक केली तर मोठा डबा.

त्या मंगळवारी सकाळी तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, तरी चीफ ग्लेंडा कॉब पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती. डेव्हिनने शहराच्या अग्निशमन दलात नोकरीसाठी अर्ज केला होता, आणि तिथला माणूस त्याची चौकशी करायला यायचा होता.

डेव्हिन स्ट्रॉसर तिथे आला तेव्हा त्याला नळी कुठल्या हातात धरायची तेही ठाऊक नव्हतं. ग्लेंडाने त्याला सगळं शिकवलं. आता चोवीस वर्षांचा तो पोरगा तिचा उजवा हात झाला होता, आणि नेमका तोच हात शहर मागत होतं. अर्धवेळ स्टेशनचं हे जुनं दुखणं. पगार तासावर, तोही बर्गर विकणाऱ्या पोरांपेक्षा जेमतेम बरा, आणि म्हातारपणी पेन्शन म्हणाल तर नावाला नाही. पोरं येतात, शिकतात, जरा तयार झाली की शहर त्यांना पूर्णवेळ नोकरी देऊन घेऊन जातं. पेरणी, खुरपणी पाईक रनची आणि मळणी शहराची. ग्लेंडाने अशी किती पोरं घालवली होती, ते मोजायचंही तिने आता सोडून दिलं होतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. मंगळवारी आणि गुरुवारी दिवसा तीनच माणसं असत. एक ग्लेंडा, दुसरा डेव्हिन आणि तिसरा एकसष्ट वर्षांचा मर्ल हॅनाफिन, जो सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायचा आणि मधल्या वेळात बंब. गावाच्या मंडळाने ठराव करून टाकला होता की तीन माणसं नसतील त्या दिवशी स्टेशनला कुलूप लागेल, आणि बंब येईल तो शेजारच्या गावातून, रेल्वे फाटक ओलांडून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो कारभार. मंडळातल्या शहाण्यांना तो पटला होता, कारण त्यांच्यापैकी कुणाच्याही घराला आजवर आग लागली नव्हती.

बाहेर रस्त्याकडेला पाटी होती. 'तरुण जवान हवेत.' अक्षरं ग्लेंडाने शिडीवर चढून स्वतःच्या हाताने लावली होती. वर्षभरात ती वाचून दोन पोरं आली, त्यातल्या एकाला फक्त बंबाचा भोंगा वाजवून बघायचा होता.

डेव्हिन स्वयंपाकघरात फरशी पुसत होता.

"चीफ, त्या माणसाला दाराचं सांगणार का तुम्ही?"

डिसेंबरात बर्फ पडलेलं असताना बंब मागे घेताना त्याने गॅरेजच्या दाराला धडक दिली होती. पोचा अजून तसाच होता, आणि दार वर जाताना त्या जागी दर वेळी कण्हत असे.

"विचारलं तर सांगणार," ग्लेंडा म्हणाली.

"बरोबर आहे," डेव्हिन म्हणाला आणि पुन्हा पुसायला लागला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

चौकशीला आलेल्या माणसाचं नाव नॉर्बर्ट कीफर. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पिकलेल्या, अंगाने काटक. आल्या आल्या त्याने पाय पुसले, चुलीवरच्या राजम्याच्या पातेल्याचा वास घेतला आणि टेबलाशी बसून कागद काढले. डेव्हिन आणि मर्ल बाहेर बंब पुसत राहिले, निदान तसं दाखवत राहिले.

वेळेवर येतो का? येतो. पितो का? पाळीवर थेंबही नाही. वरिष्ठांचं ऐकतो का? ऐकतो, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगतो.

"गाडीचा काही अपघात?"

ग्लेंडाच्या मनात एक विचार आला, आणि तो आला याचीच तिला लाज वाटली. 'हो' म्हणायचं आणि गप्प बसायचं. शहराकडे एका जागेला शंभर अर्ज येतात, ज्याच्या नावापुढे असा डाग असेल त्याचा कागद खाली जातो. खोटं बोलायचीही गरज नव्हती. सुंठीवाचून खोकला गेला असता, स्टेशन उघडं राहिलं असतं आणि डेव्हिनही इथेच राहिला असता.

"हो," ती म्हणाली. "डिसेंबरात त्याने बंब दारावर घातला."

आणि तिने तोंड मिटलं. नॉर्बर्टने लिहून घेतलं. तेवढ्यात भोंगा वाजला.

हिकरी लेनवरच्या मिसेस लुट्झ यांच्या तळघरातून धूर येत होता. मर्लने बंब असा काढला की कोपऱ्यावरच्या कुत्र्यानेही वाट दिली. घरापाशी पोचले तेव्हा तळघराच्या खिडकीतून काळा धूर बाहेर लोळत होता आणि पुढचं दार आतून बंद होतं. शेजारीण अंगणात ओरडत होती, "आजी आत आहेत! हाका मारून घसा बसला, ओ देत नाहीत!"

"देणारच नाहीत," डेव्हिन मुखवटा चढवता चढवता म्हणाला. "मंगळवारी त्या केस धुतात. तेव्हा कानातलं यंत्र काढून ठेवतात. चीफ, मागचं बाथरूम, स्वयंपाकघरातून डावीकडे."

दोनदा तरी त्याने त्यांना त्याच बाथरूममध्ये जमिनीवरून उचलून उभं केलं होतं. दोघं दार फोडून आत गेले. धुरात हात दिसत नव्हता, पण डेव्हिन स्वतःच्या घरात चालावं तसा चालला. थोड्याच वेळात तो मिसेस लुट्झना ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर घेऊन आला. त्यांच्या डोक्यावर साबणाचा फेस होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता.

"मेल्या, दार वाजवून यायची रीत आहे की नाही? बाईमाणूस अंघोळीत आहे!"

"वाजवलं आजी. तुमचं यंत्र बेसिनवर होतं."

"काय?"

"छान दिसताय म्हटलं!"

कपडे वाळवायच्या यंत्रात साचलेल्या धाग्यांनी पेट घेतला होता. ग्लेंडा आणि डेव्हिनने खाली उतरून ते विझवलं. शेजारच्या गावचा बंब आला तेव्हा मर्ल नळ्या गुंडाळत होता. फाटकावर मालगाडी आडवी आली होती, असं त्या बिचाऱ्यांनी ओशाळून सांगितलं.

डेव्हिन पायरीवर आजींच्या शेजारी बसून पाण्याच्या बाटलीने त्यांच्या डोळ्यांतला साबण धूत होता. ग्लेंडा हेल्मेट काखेत धरून बघत राहिली. हा पोरगा गेला तर पुढच्या मंगळवारी ते डावीकडचं बाथरूम कुणाला ठाऊक असणार? त्याला सोडायला तिचं मन तयार नव्हतं, अजिबात नव्हतं. पण तिकडे टेबलावर तिचं अर्धं वाक्य पडलेलं होतं, आणि ते तिला धुरापेक्षा जास्त झोंबत होतं.

स्टेशनात परतल्यावर तिला वाटलं, पाहुणा निघून गेला असेल. नॉर्बर्ट गॅरेजच्या दारातच उभा होता, बाह्या वर सरकवलेल्या, खांद्यावर भांडी पुसायचं फडकं.

"म्हातारी?" त्याने विचारलं.

"ठणठणीत. केस तेवढे अर्धे धुतलेत."

त्याने श्वास सोडला. आत राजमा मंद आचेवर होता, सिंकमधली कालची भांडीसुद्धा घासून पालथी घातलेली होती आणि वायरलेसचा आवाज पूर्ण वाढवलेला होता.

"तुम्ही तिघंच?" तो म्हणाला.

"तिघंच."

"आणि हा गेल्यावर?"

"हा प्रश्न तुमच्या कागदावर आहे का?"

"नाही."

"मग राहू द्या." ग्लेंडा खुर्चीत बसली. काजळी पुसायचंही तिला सुचलं नाही. "मघाचं माझं वाक्य अर्धं राहिलंय. भोंग्यामुळे नाही, मीच अर्धं ठेवलं होतं. त्याने बंब दारावर घातला, खरं आहे. कुणी पाहिलं नव्हतं. बर्फाचा ढीग घसरून आदळला म्हणाला असता तरी खपलं असतं. तर हा माझ्या घरी आला, दार वाजवलं आणि म्हणाला, चीफ, मी दार मोडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आईस्क्रीम आणलं आणि महिनाभर रोज बंब मागे घ्यायचा सराव केला. जो आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो, त्याच्यामागे मी डोळे मिटून आगीत जाते. आजही गेले. हे सगळं लिहा."

नॉर्बर्ट लिहीत होता.

"आणि हेही लिहा, की याला घेतलं नाहीत तर तुमच्या शहरासारखं गाढव शहर नाही. आणि नाही घेतलंत तर मी तुमचे उपकार मानीन."

"शेवटचं लिहू?"

"नको," ग्लेंडा म्हणाली, आणि तिला एकदम रडू आलं. नॉर्बर्टने कागदात डोकं घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही.

जाताना तो पाटीखाली थांबून वर बघत राहिला. मर्लने ते खिडकीतून पाहिलं.

डेव्हिनची निवड झाली. महिन्याभराने त्याला शहरात रुजू व्हायचं होतं. ग्लेंडाने त्याची पाठ थोपटली, अभिनंदन केलं आणि मंडळाला कळवायला खोलीत गेली. फोन हातात घेऊन ती नुसतीच बसून राहिली. मर्ल दारात येऊन उभा राहिला.

"ग्लेंडा, तो मिशीवाला आलाय. फडकं परत द्यायला."

"कसलं फडकं?"

"भांडी पुसायचं. त्या दिवशी खांद्यावर तसंच राहिलं म्हणतो. धुऊन, इस्त्री करून आणलंय बाबाने."

नॉर्बर्ट स्वयंपाकघरात इस्त्री केलेलं फडकं हातात धरून उभा होता. फडकं दिलं, हवेबद्दल बोलला, मिसेस लुट्झची चौकशी केली, कॉफी घेतली, दुसऱ्यांदा हवेबद्दल बोलला. शेवटी मर्लला राहवेना.

"अहो, ताकाला आलात तर भांडं कशाला लपवता? बोला की!"

नॉर्बर्टच्या मिशा हलल्या. "शहराच्या दलात मी पंचवीस वर्षं काढली. बंबावर. निवृत्त झालो तेव्हा चौकशीचं हे काम दिलं, कागद भरायचं. इथून दोन गल्ल्यांवर राहतो. बायको मुलीकडे गेली की दिवसभर मी आणि कुत्रा. आता कुत्राही माझ्याकडे बघून जांभया देतो." त्याने कप बाजूला सरकवला. "माझी प्रमाणपत्रं चालू आहेत. दर वेळी नव्याने काढून घेतो. कशासाठी, ते मलाही सांगता यायचं नाही. मंगळवार-गुरुवार मोकळा असतो मी."

ग्लेंडा पुढे झुकली. "दोन गल्ल्यांवर राहता? मग वर्षभर होतात कुठे?"

"तुमच्या पाटीखालून जात होतो. रोज, कुत्र्याला घेऊन. 'तरुण जवान हवेत.' वाचता येतं मला."

ग्लेंडा पाटीकडे बघायला उठलीसुद्धा नाही. अक्षरं तिनेच लावली होती, तिला पाठ होती.

"आता निघालंच आहे म्हणून सांगतो," मर्ल म्हणाला, "ती पाटी वाचून मलाही रोज वाटायचं, आज घरी पाठवणार मला."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?"

"तू चीफ. म्हटलं, असेल काही विचार."

"कसला डोंबलाचा विचार! शिडी आण!"

डेव्हिन हसत हसत शिडी घेऊन पळाला आणि 'तरुण' त्याने स्वतःच्या हाताने उतरवला. त्या महिन्यात त्या पाटीवरून आणखी दोघं विचारायला आले. एक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि दुसरी मुलं शाळेत गेल्यावर घरी मोकळी असणारी एक बाई, लग्नाआधी तीन वर्षं बंबावर काम केलेली.

निरोपाच्या दिवशी जाणाऱ्याला नळीने भिजवायची तिथे रीत आहे. आजवर त्या दिवशी ग्लेंडा खोलीचं दार लावून बसायची. या वेळी नळी तिनेच धरली. डेव्हिन नखशिखान्त भिजला, ओरडला, आणि शेवटी तसाच ओलाचिंब येऊन त्याने तिला मिठी मारली.

"चीफ, शहरवाले दुसरीकडे पाळी करू देत नाहीत."

"ठाऊक आहे. जेवायला येऊ देतात ना?"

"येऊ देतात."

"मग मंगळवारी राजमा असतो," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि या वेळी ते तिने पुसले नाहीत.

पुढच्या मंगळवारी नॉर्बर्टची पहिली पाळी होती. डॉक्टरांनी त्याला तपासून पास केलं होतं आणि मंडळाने कुरकुरत का होईना सही केली होती. तो आईस्क्रीमचे दोन डबे घेऊन आला.

"एक पहिल्या पाळीचा," मर्ल बोटांवर मोजत म्हणाला. "दुसरा कशाचा? अजून तर काही मोडलं नाहीत."

"कळेल," नॉर्बर्ट म्हणाला.

दुपारपर्यंत काहीच झालं नाही. त्यांनी बंब तपासला, राजमा खाल्ला, पहिला डबा फोडला. नॉर्बर्टने खुर्ची मागे रेलली, पाय लांब केले, छताकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, "वा! काय निवांत आहे हो इथे!"

मर्लचा चमचा हवेतच राहिला. ग्लेंडाने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर उठून घरी गेला असता. तो मात्र मान कलती करून, लहान पोर पावसाची वाट बघतं तशी वाट बघत होता.

भोंगा वाजला.

पोच्याच्या जागी कण्हत दार वर गेलं. मर्लने चाक धरलं, ग्लेंडा शेजारी बसली आणि मागे वळून डेव्हिनच्या जागेकडे बघितलं. नॉर्बर्ट तिथे पट्टा आवळत होता, आणि त्याच्या मिशीला आईस्क्रीम लागलेलं होतं.

"तीन," ती वायरलेसवर म्हणाली. "पाईक रन, तीन माणसं, निघालोय."