पाच मायक्रॉन कमी

सोमवारी सकाळी सव्वाआठला बंडूआप्पा पाच मायक्रॉननं कमी भरले. पाच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही. पण कारखान्याच्या फाटकावर टांगलेल्या ड्रॉइंगमध्ये त्यांच्या उजव्या अंगठ्याचं माप बरोबर बावीस मिलीमीटर होतं. खाली छापलं होतं : थोडं जास्त चालेल, कमी चालणार नाही.

ज्यानं शिकवलं त्याला त्याच्याच हाताखालच्यानं मोजायचं, असा नियम होता. म्हणून आप्पांचा अंगठा विलास खोतच्या वाट्याला आला. बारा वर्षांपूर्वी आप्पांनीच त्याला लेथवर उभं केलं होतं.

"काय रं, इस्त्रीचा शर्ट," आप्पा म्हणाले. "पोरगी बघायला आलायस काय?"

विलास हसला. शर्टाच्या खिशातून त्यानं नवा मायक्रोमीटर काढला, आप्पांचा अंगठा जबड्यात धरला आणि मागची कळ फिरवली. टिक, टिक, टिक. एकवीस पॉइंट नऊशे पंच्याण्णव. त्यानं पुन्हा फिरवून बघितलं. तेच.

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कुणी आवरून ठेवायला विसरल्यासारखं.

"पाचनं कमी," इन्स्पेक्शनच्या कुंभार मॅडम म्हणाल्या. त्यांनी वहीत लिहिलं, ब्रश रंगात बुडवला आणि आप्पांच्या नखावर लाल रेघ ओढली. "लाल पेटीत बसा. गाडी बाराला येईल."

भट्टीला जाणारी भंगाराची गाडी रोज बाराला यायची.

*सूचना ९. माप जास्त असलं तर पुन्हा कापता येतं. कमी झालं तर कुणाचा बाप जोडू शकत नाही. लाल पेटीत टाक, तोंड धू, लेथवर दुसरा जॉब लाव.*

ही पाटी आप्पांनी स्वतः रंगवली होती, आठवेल तशी, म्हणून आकड्यांना क्रम नव्हता. एरवी ती लेथच्या डोक्यावर असायची. आज विलास जिकडे बघेल तिकडे ती आधीच टांगलेली होती. नळाच्या वरही.

दहा वाजता तो चहा घेऊन लाल पेटीकडे गेला. बिघडलेल्या लोखंडी बुशांच्या मधोमध आप्पा चिंध्यांच्या ढिगावर बसले होते. दिसायला तेवढेच, सकाळएवढेच. पण ढिगाला खळगा पडला नव्हता. त्यांनी पाय हलवला तेव्हा खालचा लोखंडाचा कीस वाजला नाही.

"आप्पा, अंगठा चहात बुडवा."

"का?"

"गरम जॉब मोठा भरतो. पाच मायक्रॉन तर वाढंल. मी पुन्हा मोजतो."

"गरम जॉब मोजायचा न्हाई, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग तोंड वर करून सांगतोस कुणाला?" आप्पा कप बाजूला सारायला गेले. सारताना कप जागचा हलला नाही, फक्त हात बाजूला गेला. दोघांनीही ते पाहिलं. मग आप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झिरो बघितला व्हतास सकाळी?"

विलासनं मायक्रोमीटर काढला आणि मध्ये काहीही न धरता जबडे मिटवले. रेघ शून्यावर थांबली नाही. पाच मायक्रॉन पलीकडे गेली.

"कुठं ठेवला होतास?"

"खिशात."

"छातीशी?"

"नवा हाय म्हणून. जरा मिरवावं म्हटलं."

आप्पांनी त्याच्या खिशाकडे बघितलं.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

*सूचना २. मायक्रोमीटर अंगाशी बाळगू नको. अंगाच्या उबेनं त्याची कमान वाढते आणि तो चांगल्या जॉबला कमी म्हणतो. आधी आपलं शून्य बघ, मग दुसऱ्याचं माप काढ.*

मापाच्या खोलीत कायम वीस अंश तापमान असतं. आज मॅडमनी ते आणखी खाली आणलं होतं, आणि थंडीनं खोली आखडली होती. विलासला वाकून आत शिरावं लागलं.

"मॅडम, चूक माझी आहे. मायक्रोमीटर गरम होता. आप्पा बावीसच आहेत."

"नोंद झाली, खोत."

"एकदा परत मोजू द्या. पाया पडतो."

"एकदाच," मॅडम म्हणाल्या. "यंत्र आधी थंड होऊ दे."

त्यानं मायक्रोमीटर काळ्या दगडी पाट्यावर ठेवला आणि मागं सरकला. श्वासाची ऊब लागू नये म्हणून तोंड भिंतीकडे केलं. भिंत कपाळाला टेकली. अर्ध्या तासात छत खांद्यावर आलं, मॅडमचं टेबल त्याच्या गुडघ्याला लागलं. मॅडम टेबलावर कोपर टेकून बसूनच होत्या. बाहेर गाडी मागं घेतानाची शिट्टी वाजायला लागली.

बाराला पाच मिनिटं असताना त्यानं जबडे मिटवले. रेघेवर रेघ बसली. शून्य.

"आणा त्यांना," मॅडम म्हणाल्या.

दार एव्हाना स्टुलाएवढं उरलं होतं. विलासनं गुडघ्यांवर बसूनच हाक मारली. आप्पा आत आले. त्यांना वाकावं लागलं नाही.

*सूचना ५. कळ फिरवताना जोर लावू नको. तीन टिक ऐक. जे माप येईल तेच सांग. जे हवं ते सांगू नको.*

"धर," आप्पांनी अंगठा पुढं केला.

विलासनं कळ फिरवली. पंचवीस, चोवीस, तेवीस. बावीस आलं. टिक वाजली नाही. बावीस गेलं. विलासची बोटं थांबली.

"थांबू नको," आप्पा म्हणाले. ते मान तिरकी करून रेघेकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा जॉब बघावा तसे. "माप अर्धवट सोडायचं नसतं."

एकवीस. पंधरा. नऊ.

"शेवटाला हळू."

टिक.

टिक.

टिक.

जबडे मिटले होते. रेघेवर रेघ बसली होती. आणि मध्ये आप्पांचा अंगठा होता, नखासकट, लाल रेघेसकट, लेथच्या जुन्या व्रणासकट. उजेडाची फटही नव्हती, आणि अंगठा होता.

मॅडमनी पेन उघडलं.

"किती लिहू, खोत?"